नोकरी आणि लहान मूल सांभाळून प्रस्तरारोहण: महिन्यातून दोनदा कातळावर जाण्याचे गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कृत्रिम भिंतीवर प्रस्तरारोहणाची ओळख झाली, पुढे काही वर्षे मित्रांच्या गटाबरोबर सुट्टीच्या दिवशी दिवसभर कातळावर जाणे होत असे, टॉप-रोपवर, म्हणजे दोर वरून लागलेला असताना चढण्यावर, हात चांगला बसला होता आणि सोप्या मार्गांवर लीडही, म्हणजे दोर खालून नेत वाटेत अडकवत चढणेही, जमत असे. आता पूर्णवेळ नोकरी आहे, घरात दोन वर्षांचे मूल आहे आणि गेल्या वर्षभरात जेमतेम दोनदा कातळाला हात लागला. त्या दोन्ही वेळी बोटे आठवडाभर दुखत राहिली आणि पूर्वी सहज होणाऱ्या मार्गावर भीती वाटली. महिन्यातून एक-दोनदाच जाणे झाले तर त्याला काही अर्थ आहे का, इतक्या कमी सरावात सुरक्षित राहता येते का, आणि घरी दाराच्या चौकटीवर फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांच्या सरावासाठी लटकण्याची फळी, लावावा का, असे तुम्ही विचारले आहे.

मी प्रस्तरारोहण शिकवते आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये खंडानंतर पुन्हा सुरुवात करणारे बरेच असतात. तुम्ही वेळेची अडचण मांडली आहे आणि ती खरीच आहे. पण तुमच्या वर्णनात मला त्याहून वेगळी एक गोष्ट दिसते. तुमच्या मनात कातळावर जाणे म्हणजे अजूनही तोच जुना दिवस आहे. पहाटे निघायचे, पाच-सहा जणांची जुळवाजुळव करायची, त्यातल्या सर्वांत लांबच्या कड्यावर जायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. असा दिवस तुमच्या सध्याच्या आयुष्यात वर्षातून दोनदाच मोकळा होणार, आणि तो मिळाल्यावर त्यात सगळी भूक भागवून घेण्याचा मोह होणार. बोटे दुखतात आणि भीती वाटते ती याच कारणाने. तेव्हा आधी फेरीचा आकार लहान करावा लागेल, आणि तो लहान करताना काय कापायचे व कशाला हात लावायचा नाही हे पक्के ठरवावे लागेल. माझे सांगणे असे, की मार्गांची संख्या कापावी, अवघडपणा कापावा, अंतर कापावे. शरीर तापवण्याचा आणि तपासणीचा वेळ मात्र पूर्वी होता तेवढाच ठेवावा.

हे किती लागू पडेल ते काही बाबतींत तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. चढता येण्याजोगा कातळ घरापासून तासाभराच्या आत असेल, तर अर्ध्या दिवसाची फेरी सहज बसते. जाण्यातच दोन-अडीच तास मोडत असतील, तर अर्ध्या दिवसाचा हट्ट धरू नये. आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी कृत्रिम भिंत आणि दीड-दोन महिन्यांतून एक पूर्ण दिवस, ही विभागणी जास्त टिकते. तुमचा बिले देणारा, म्हणजे खाली उभे राहून दोर सांभाळणारा, जोडीदार किती नियमित आहे, घरी मुलाजवळ दुसरे कोण असते, पावसाचे आणि कडक उन्हाचे महिने किती, यांवरही बरेच ठरते. पुढचे सगळे मी कातळ तासाभराच्या अंतरावर आहे असे धरून लिहीत आहे.

पूर्ण दिवसाच्या फेरीचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहा. सहा जणांच्या गटात दोन दोर लागलेले असतील, तर प्रत्येकाचा प्रत्यक्ष चढण्याचा वेळ दिवसाकाठी तासभरसुद्धा भरत नाही. बाकीचा वेळ प्रवासात, वाट पाहण्यात, गप्पांत आणि दोर एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर हलवण्यात जातो. त्या गप्पांचेही मोल आहे, ते मी नाकारत नाही. पण दोघेच असतील, दोघांनाही आपले काम ठाऊक असेल आणि दोर आधीच वरच्या अँकरमधून, म्हणजे मार्गाच्या माथ्यावरच्या पक्क्या आधारातून, लागलेला असेल, तर वीस मीटरच्या सोप्या मार्गावर एक चढाई आणि उतरणे मिळून साधारण पंधरा-वीस मिनिटे पुरतात. म्हणजे कातळापाशी दोन-सव्वादोन तास मिळाले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन चढाया येतात. तुमच्या टप्प्यावर एका फेरीसाठी तीन नीट केलेल्या चढाया पुरेशा आहेत.

या छोट्या फेरीसाठी दिवस आणि वेळ ठरलेली असावी. एक आठवडा सोडून येणारी एखादी सकाळ चांगली. दर वेळी घरी नव्याने विचारावे लागले, दर वेळी जोडीदाराशी नव्याने ठरवावे लागले, की त्या विचारण्या-ठरवण्यातच उत्साह आटतो आणि घरच्यांनाही प्रत्येक वेळी नकार किंवा होकार देण्याचे ओझे होते. एकदाच बसून बोलावे: ही सकाळ माझी, त्याबदल्यात अमुक वेळ तुमची. परतण्याची वेळ सांगितली असेल तर ती पाळावीच. साडेअकराला घरी असेन असे सांगून दोन वाजता पोहोचणाऱ्याची ही सकाळ फार काळ टिकत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्यासाठी निघण्याच्या वेळेपेक्षा शेवटचा दोर खाली ओढण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती आली की मार्ग अर्धा राहिला असला तरी थांबावे.

कातळ शक्यतो एकच निवडावा आणि त्याच त्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जावे. नवा कडा म्हणजे नवी पायवाट, नवे अँकर, नवे मार्ग समजून घेणे. छोट्या फेरीत या शोधाला वेळ नसतो. ओळखीच्या कातळावर पोहोचल्यापासून दहा मिनिटांत काम सुरू होते. यात कंटाळा येईल अशी भीती अनेकांना वाटते, ती मला पटत नाही. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलातले वालुकाश्माचे बुटके खडक पाहा. शहरात राहणारे, आल्प्सला वर्षातून थोडेच दिवस जाऊ शकणारे आरोहक तिथे सुट्टीच्या दिवशी सरावाला जात. पुढे तिथे खडकांवर रंगीत खुणा आणि क्रमांक घालून एकापाठोपाठ एक चढण्याचे मार्गक्रम आखले गेले. रंगावरून काठिण्य कळते आणि आरोहक एका खडकावरून उतरला की पुढच्याकडे वळतो. पिढ्यान् पिढ्या माणसे त्याच खडकांवर जात आली आहेत. तुमच्या कातळावरही, खुणा न रंगवता, असा स्वतःचा क्रम मनात बांधता येईल: आधी हा सोपा आडवा पट्टा, मग तो डावीकडचा तिरका मार्ग, मग ती भेग.

पुन्हा त्याच जागी जाण्याचा खरा फायदा पायांना होतो. जमिनीपासून हातभर उंचीवर, उभ्या कातळात एखादी चणाडाळीएवढी बारीक फुगवटी असते. पहिल्या वेळी नजर तिच्यावरून सरळ घसरते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत तुम्ही तिच्यावर बुटाचे टोक ठेवता, ते निसटते. मग ध्यानात येते, की टोक आतल्या कडेने, अंगठ्याच्या खालच्या भागावर भार देत, टाच किंचित खाली सोडून ठेवले आणि ठेवल्यावर पुन्हा हलवले नाही, तर तीच फुगवटी सगळे वजन पेलते आणि हातांवरचा ताण एकदम कमी होतो. हे शिकायला ताकद लागत नाही. त्याच जागी, न दमलेल्या अवस्थेत, पुन्हा उभे राहावे लागते. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याची प्रगती मुख्यतः या वाटेने होते.

आता चढाईचा प्रकार. वेळ कमी असणाऱ्यांना बोल्डरिंग, म्हणजे बुटक्या खडकांवर दोराशिवाय चढणे, सोयीचे वाटते, आणि ते आहेही: दोर नाही, अँकर नाही, जोडीदार नसला तरी चालते. अमेरिकेतील जॉन गिल हे गणिताचे प्राध्यापक होते आणि बुटक्या खडकांवरच्या चढाईला स्वतंत्र शिस्त म्हणून उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जिम्नॅस्ट वापरतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, म्हणजे आपण ज्याला चॉक म्हणतो ती, त्यांनी 1950 च्या दशकात प्रस्तरारोहणात आणली. उंच मोहिमांच्या मागे न लागता लहान खडकांवर मनापासून चढत राहणे ही दुय्यम गोष्ट नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते. पण बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणे थेट जमिनीवरचे असते, आणि खंडानंतर परतलेल्यांचे घोटे, गुडघे व मनगटे त्याला तयार नसतात. क्रॅश पॅडच्या, म्हणजे खाली अंथरलेल्या जाड गादीच्या, कडेवर किंवा दोन पॅडच्या फटीत पाय पडला की घोटा मुरगळतोच. एकट्याने जायचे असेल, तर पाय जमिनीपासून फार वर जाणार नाहीत असे आडवे पट्टेच करावेत, उतरण्याची सोपी वाट आधी पाहून ठेवावी आणि कुठे गेलो व कधी परतणार हे घरी सांगावे.

दोराच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: पहिले काही महिने तुम्ही फक्त टॉप-रोपवर चढावे. लीडमध्ये कोणता क्विकड्रॉ (दोर अडकवायची दोन कड्यांची पट्टी) कसा अडकवायचा, दोर पायामागे जाऊ नये म्हणून कसे उभे राहायचे, कुठून पडले तर कुठे आपटू, याचे भान हाताशी असावे लागते, आणि ते सरावाच्या खंडात सर्वांत आधी पुसट होते. बिले देणाऱ्यालाही लीडसाठी दोर सोडण्याचा आणि आवरण्याचा हात नियमित लागतो. टॉप-रोपवर चूक व्हायच्या जागा कमी असतात आणि भीतीवर काम करायलाही तीच जागा बरी. तुम्हाला वाटलेली भीती मला मुळीच गैर वाटत नाही. उंचीची, दोरावर बसण्याची सवय शरीर विसरते. पूर्वीच्या जमणाऱ्या पातळीच्या दोन श्रेणी खालचा मार्ग घ्यावा, मध्यावर मुद्दाम सांगून दोरावर बसावे, श्वास सावकाश होऊ द्यावा आणि मग पुढे जावे. दोन-तीन फेऱ्यांत फरक जाणवू लागतो. जाणवला नाही, तर आणखी सोपा मार्ग घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

बोटांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण दुखापतीमुळे खेळ सुटलेले लोक मी भीतीमुळे सुटलेल्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत. स्नायू काही आठवड्यांच्या सरावाने बळकट होऊ लागतात. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोरे, आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारी कड्यांसारखी बंधने, ज्यांना आपण पुली म्हणतो, त्यांना त्यासाठी कित्येक महिने लागतात. परतलेल्या आरोहकाच्या दंडांची ताकद लवकर येते, जुने तंत्रही आठवते, आणि त्या भरात तो बोटांवर त्यांच्या ऐपतीबाहेरचा भार टाकतो. बोटाच्या मुळाकडच्या पेरात असलेली ए-टू पुली ही या खेळात सर्वाधिक दुखावणाऱ्या भागांपैकी आहे. बारीक कडेवर बोटांची मधली पेरे ताठ उभी करून वरून अंगठा दाबला, म्हणजे पूर्ण क्रिंप केली, की तिच्यावरचा ताण फार वाढतो. म्हणून सध्या रुंद पकडी असलेले मार्ग निवडावेत आणि शक्य तिथे बोटे अर्धवट उघडी ठेवून धरावे. दुसऱ्या दिवशी बोटे नुसती जड वाटली तर चिंता नाही. पण एकाच बोटाच्या मुळाशी दाबल्यावर नेमके एका ठिकाणी दुखत असेल, तर पुढची फेरी बोटांना न देता पायवाटेला द्यावी, आणि दुखणे टिकले किंवा चढताना अचानक 'टक्' असा आवाज झाला, तर डॉक्टरांना दाखवावे.

यातच फिंगरबोर्डचे उत्तर आले. आत्ता लावू नका. सलग वर्षभर नियमित चढणे झाल्यावर त्याचा विचार करता येईल. घरी काही करायचेच असेल, तर दिवसाआड दहा-पंधरा मिनिटे खांद्यांचे व पाठीचे साधे व्यायाम, बोटे उघडण्याचा व्यायाम आणि एका पायावर तोल सांभाळणे यांनी जास्त फायदा होईल. आठवड्यातून एक संध्याकाळ कृत्रिम भिंतीवर तासभर मिळाली, तर बोटांसाठी तोच सर्वांत चांगला सराव, कारण भार अधूनमधून एकदम न येता थोडा थोडा नियमित येत राहतो. कातळावर पोहोचल्यावरही पहिली पंधरा मिनिटे खांदे, मनगटे, बोटे मोकळी करणे आणि अगदी सोपे आडवे चढणे यांत घालवावीत. घाई असली की हीच पंधरा मिनिटे पहिल्यांदा कापली जातात, म्हणून मी त्यांवर एवढा जोर देते.

सुरक्षिततेचे तुम्ही विचारले, तर कमी सराव हे त्यातले सर्वांत मोठे संकट नाही. कमी सरावाला घाईची जोड मिळते, हे संकट आहे. 1989 साली फ्रान्समधील ब्यूक्स येथे लिन हिल या त्या काळच्या अव्वल आरोहक एका तुलनेने सोप्या मार्गावर चढल्या. दोर हार्नेसमधून, म्हणजे कमरेला व मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांमधून, ओवून झाला होता. मध्येच लक्ष दुसरीकडे गेले आणि गाठ पूर्ण करायची राहिली. वर पोहोचून उतरण्यासाठी दोरावर भार टाकल्यावर त्या 20 मीटरांहून अधिक खाली पडल्या; झाडाच्या फांद्यांमुळे वाचल्या. 1993 मध्ये त्यांनीच अमेरिकेतील एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरचा नोज नावाचा मार्ग मुक्तारोहणाने, म्हणजे चढायला साधनांचा आधार न घेता, पूर्ण केला. गाठ त्यांना येत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. ती बांधताना मन दुसऱ्या गोष्टीत होते. घरी परतायची वेळ मनात घेऊन आलेल्या माणसाचे मन तर सतत दुसऱ्या गोष्टीत असते.

म्हणून तपासणी दर वेळी एकाच क्रमाने, हात लावून आणि मोठ्याने बोलून करावी. जमिनीवर उभे असताना जोडीदाराच्या हार्नेसचा पट्टा बकलमधून नीट गेलेला आहे आणि टोक पुरेसे बाहेर आहे, हे बोटाने ओढून पाहावे. मग आठची गाठ, म्हणजे दोर हार्नेसला बांधणारी आठच्या आकाराची गाठ: दोर हार्नेसच्या दोन्ही वेढ्यांमधून गेला आहे ना, परतीचा दोर पहिल्या दोराला शेवटपर्यंत समांतर गेला आहे ना, गाठ घट्ट ओढली आहे ना आणि शेपूट वीतभर उरले आहे ना, हे गाठीवरून बोट फिरवत पाहावे. त्यानंतर चढणाऱ्याने बिले देणाऱ्याकडे वळावे: दोर डिव्हाइसमध्ये, म्हणजे दोर अडवून धरणाऱ्या साधनात, योग्य दिशेने बसला आहे का, कॅराबिनरचे (ते साधन अडकवणाऱ्या धातूच्या कडीचे) लॉक फिरवले आहे का, लॉक दाबून पाहिल्याशिवाय हो म्हणू नये, आणि चढणाऱ्याकडचा दोर झटक्याने ओढून डिव्हाइस धरते का तेही पाहावे. या सगळ्याला एक मिनिट लागते. गाठ बांधत असताना कोणी बोलायला आले, तर गाठ पूर्ण होईपर्यंत उत्तर देऊ नये. माझे विद्यार्थी यावरून मला तुटक म्हणतात, आणि मी ते बदललेले नाही.

दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारणे हा याच तपासणीचा भाग आहे. 60 मीटरचा दोर वरच्या अँकरमधून फिरवला, की 30 मीटरपेक्षा उंच मार्गावरून खाली सोडताना तो संपतो आणि टोक बिले देणाऱ्याच्या हातातून व डिव्हाइसमधून निसटते. ओळखीच्या कड्यावर मार्गाची उंची ठाऊक असते म्हणून ही गाठ टाळली जाते, आणि मग एखाद्या दिवशी मित्राचा आखूड दोर वापरलेला असतो. अँकरचे बोल्टही गृहीत धरू नयेत. गंज, हलणारा हँगर (बोल्टवरची धातूची पट्टी), भोवतीच्या खडकाला गेलेली चीर यांपैकी काही दिसले तर तो मार्ग सोडावा. अँकर उभारण्याबद्दल मनात शंका असेल, तर एक दिवस जाणत्या प्रशिक्षकाबरोबर फक्त त्यासाठी द्यावा. लेखी सल्ल्याने ते काम होत नाही.

सॅक कायम भरलेली ठेवावी, ही सूचना साधी असली तरी फेऱ्यांची संख्या तिच्यामुळे वाढते. आदल्या रात्री हेल्मेट शोधत बसावे लागले, की सकाळची फेरी रद्द होण्याची शक्यता दुप्पट होते. परत आल्यावर शूज आणि हार्नेस वारा लागेल असे सुकवावेत आणि सगळे पुन्हा सॅकमध्ये जावे. दोराची तपासणी मूल झोपल्यावर शांतपणे होऊ शकते: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोर चिमटीतून हळूहळू सरकवावा, कुठे तो मऊ पडला आहे, चपटा झाला आहे, आतला गाभा तुटल्यासारखा एकदम दुमडतो आहे किंवा वरचे आवरण विस्कटले आहे, हे बोटांना लगेच कळते. नायलॉनला ऊन आणि रसायने मानवत नाहीत. गाडीच्या डिकीत बॅटरीजवळ दोर महिनोन् महिने ठेवू नये. वापर कमी झाला तरी दोराचे वय थांबत नाही. उत्पादक साधारणपणे दहा वर्षांपलीकडे न वापरलेला दोरही बाद करायला सांगतात. तुमचा दोर किती जुना आहे ते आधी पाहा.

हवामानाचे थोडक्यात सांगते. थंड, कोरड्या हवेत पकड चांगली मिळते, त्यामुळे सकाळी सावलीत राहणारी बाजू निवडावी. पाऊस पडून गेल्यावर वालुकाश्मावर चढू नये, कारण भिजलेला वालुकाश्म कमकुवत होतो आणि पकडी तुटतात. ग्रॅनाइटसारखा खडक लवकर वाळतो, तरी भेगांमधले पाणी पाहूनच ठरवावे. चढणे शक्य नसले, तरी ठरलेली सकाळ सोडू नये. जोडीदाराबरोबर भिंतीवर जावे, किंवा कातळापर्यंत चालत जाऊन यावे.

मुलाला बरोबर नेण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण हा विचार लवकरच येईल. दोन आरोहक आणि एक लहान मूल ही जुळणी चालत नाही, कारण एक जण दोरावर आणि दुसरा बिलेवर असताना मुलाकडे कोणीच नसते. केवळ मुलासाठी आलेले तिसरे मोठे माणूस हवे आणि मूल कड्याच्या पायथ्यापासून, जिथे वरून दगड पडू शकतो त्या पट्ट्यापासून, चांगले लांब हवे. त्या दिवशी एक-दोन चढाया झाल्या तर आनंद मानावा. तो दिवस मुलाचा असतो.

तर महिन्यातून दोनदा जाण्याला अर्थ आहे का? आहे, आणि मधल्या काळात आठवड्याला एक तास भिंतीवर मिळाला तर निश्चितच आहे. पहिल्या चार-पाच फेऱ्या एकाच कातळावर, एकाच जोडीदाराबरोबर, टॉप-रोपवर कराव्यात. त्यानंतर बोटे दुसऱ्या दिवशी दुखत नसतील, दोरावर बसताना श्वास अडकत नसेल आणि तपासणीचा क्रम आठवावा न लागता तोंडी येत असेल, तर तिथल्या सर्वांत सोप्या मार्गावर, वरून टॉप-रोप लागलेला असतानाच, सोबत दुसरा दोर घेऊन लीडचा सराव सुरू करावा. म्हणजे क्विकड्रॉ अडकवण्याचा हात बसतो आणि पडण्याचा धोका टॉप-रोप सांभाळतो. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर आणखी काही फेऱ्या टॉप-रोपवरच घ्याव्यात. पुन्हा लिहाल तेव्हा कातळाचे अंतर, दोराचे वय आणि तुमच्या जोडीदाराने शेवटचा लीड बिले कधी दिला, एवढे कळवा. त्यावरून पुढचे नेमके सांगता येईल.